चांगला नेम देणाऱ्या नळीला हात लावावा का?

नेमबाजीविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : मी इंदूरचा रहिवासी असून गेली तीन वर्षे ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात भाग घेतो. माझी रायफल जर्मन बनावटीची, पॉइंट २२ बोअरची आहे. परवाना रीतसर आहे आणि रायफल कारखान्यातून आली तशीच आहे, तिच्यात मी काहीही बदललेले नाही. वाळूच्या पिशव्यांवर ठेवून, दुर्बीण लावून मी तिची चाचणी घेतली, तेव्हा दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर, सरासरी १३ मिलिमीटर आला. स्पर्धेत मात्र साठ गोळ्यांत माझे गुण, दशांश धरूनही, ५८८ च्या पुढे सरकत नाहीत. सांवेर रोडवर लेथचे काम करणारा माझा मावसभाऊ म्हणतो की नळी पाच सेंटीमीटर आखूड करून तिचे तोंड नव्याने कापू, आतून पॉलिश करू आणि पुढे आटे पाडून ट्यूनर (तोंडाशी लावायचे, मागेपुढे सरकणारे वजन) बसवू, म्हणजे ग्रुप ११ मिलिमीटरपर्यंत येईल. त्याचा हात सफाईदार आहे. हे काम करून घ्यावे का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : करून घेऊ नये. आपल्या मावसभावाच्या कौशल्याविषयी मला मुळीच शंका नाही. परंतु जी नळी १३ मिलिमीटरमध्ये दहा गोळ्या टाकते, तिच्यावर लेथ चालवून मिळण्यासारखे फारच थोडे आहे आणि गमावण्यासारखे बरेच आहे. आपण चाचणीचे आकडे कळवलेत म्हणून बरे झाले, कारण आता ही गोष्ट अंदाजाने न सांगता हिशेबाने सांगता येईल.

५० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळीच्या छिद्राची कड त्या वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा मिळतात आणि छिद्राचा व्यास ५.६ मिलिमीटर धरला जातो. म्हणजेच गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा पक्के. आपल्या हाताशी १६ मिलिमीटर व्यासाचे एक अदृश्य वर्तुळ आहे, आणि आपली रायफल दहाच्या दहा गोळ्या १३ मिलिमीटरमध्ये टाकते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, तेव्हा गुण पूर्णांकांत मोजले जात. त्या दिवशी त्यांच्या साठ गोळ्यांपैकी फार तर तीन या १६ मिलिमीटरच्या वर्तुळाबाहेर गेल्या असतील. तेवढे काम करण्याची ऐपत आपल्या नळीत आजही आहे.

आता पूर्णांकांऐवजी दशांशाचा हिशेब पाहू. गोळी अगदी मध्यावर पडली तर १०.९ गुण मिळतात. मध्यापासून प्रत्येक ०.८ मिलिमीटरला एक दशांश गुण कमी होतो. दहा गोळ्यांचा ग्रुप १३ मिलिमीटर असेल, तर एकेक गोळी ग्रुपच्या मध्यापासून सरासरी ४.३ मिलिमीटर दूर पडते. हवा स्थिर असेल आणि रायफल धरणाऱ्याची काहीही चूक झाली नाही, तर अशा रायफलीने साठ गोळ्यांत ६२४ च्या आसपास गुण होतात. आपले गुण ५८८ आहेत, म्हणजे आपल्या गोळ्या मध्यापासून सरासरी ९ मिलिमीटर दूर पडत आहेत. रायफलीचा विखुर आणि नेमबाजाचा विखुर यांची साधी बेरीज होत नाही. त्यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखी, वर्ग करून करावी लागते. शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय इथे लावले, तर कर्ण ९, एक बाजू ४.३ आणि राहिलेली बाजू जवळपास ७.९ येते. ही ७.९ ची बाजू आपली स्वतःची आहे : तिच्यात स्लिंगचा (रायफल हाताशी घट्ट धरणाऱ्या पट्ट्याचा) ताण, श्वास, ट्रिगरवरचे बोट आणि वाऱ्याचा अंदाज हे सारे आले.

मावसभावाचे म्हणणे पूर्ण खरे ठरले आणि ग्रुप ११ मिलिमीटर झाला असे धरू. रायफलीची बाजू ४.३ वरून ३.६ वर येईल, कर्ण ९ वरून ८.७ वर येईल, आणि साठ गोळ्यांत आपल्याला जेमतेम दोन गुण वाढवून मिळतील. उलट रायफल आहे तशीच ठेवून आपण स्वतःचा विखुर फक्त एका मिलिमीटरने, ७.९ वरून ६.९ वर आणला, तर साडेसहा गुण वाढतील. लेथवर जाणाऱ्या पैशांचा आणि वेळेचा विचार करताना हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून पाहावेत.

हे दोन गुणही हाती लागतील याची खात्री नाही, कारण सुचवलेल्या तिन्ही कामांचा घाव नळीच्या एकाच जागी, तिच्या तोंडाशी बसतो. स्पर्धेच्या पुष्कळशा पॉइंट २२ नळ्या तोंडाकडे किंचित आवळत गेलेल्या असतात. हा आवळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण शिशाची मऊ गोळी बाहेर पडताना त्याच्यामुळे घट्ट आणि सरळ धरली जाते. नळी पाच सेंटीमीटर कापली की हा भाग भंगारात जातो. आतून पॉलिश करायला सळईवर कापड आणि पेस्ट लावून फिरवले, तर नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या आट्यांच्या कडा गोल होतात आणि तोंड कर्ण्यासारखे फाकते. तोंडावर बाहेरून आटे पाडले तर तिथली भिंत पातळ होते, पोलादात दबून राहिलेला ताण मोकळा होतो आणि आतला व्यास नेमका नको तिथे सैल पडू शकतो. वेग वाढावा म्हणून नळी कापायची असेल, तर तेही व्यर्थ आहे. पॉइंट २२ च्या काडतुसातली थोडीशी दारू पहिल्या चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटरमध्येच आपले काम संपवते. त्यापुढची लांबी नेम धरण्याच्या सोयीसाठी आणि वजनाच्या तोलासाठी असते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या रायफलीची नळी, ती पुढे फार जड वाटते म्हणून, मी रीतसर परवानगी काढून एका परवानाधारक कारागिराकडून चार सेंटीमीटर आखूड करून घेतली. कापण्यापूर्वी साफ करताना सळईवरचे कापड सबंध नळीतून एकसारखे सरकत असे आणि तोंडाच्या शेवटच्या दोन बोटांत तळहाताला स्पष्ट घट्ट लागत असे. काम होऊन आल्यावर पहिल्यांदा कापड घातले, तेव्हा ते शेवटपर्यंत तसेच सरकत गेले आणि तोंडातून सहज बाहेर आले. घट्टपणाच नाहीसा झाला होता. तोंड सुरेख कापलेले होते, भिंगाखाली एकही ओरखडा नव्हता. तरीही जो ग्रुप पूर्वी १४ मिलिमीटर येई, तो १९ च्या खाली पुन्हा कधी आला नाही. कारागिराने सांगितले ते काम चोख केले होते. चूक माझ्या मागणीत होती, आणि कापलेले पोलाद परत जोडता येत नाही.

कायद्याचेही भान ठेवावे लागेल. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती, बदल किंवा चाचणी करणाऱ्याला परवाना लागतो; कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय कोणालाही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही; आणि कलम ८ प्रमाणे शस्त्रावर उमटवलेला क्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडणे, बदलणे हा अपराध आहे. आपला मावसभाऊ कितीही कुशल असला तरी शस्त्रदुरुस्तीचा परवाना नसताना त्याने ही नळी लेथवर चढवणे त्याच्या आणि आपल्या दोघांच्याही अंगाशी येईल. नात्यापोटी त्याने देऊ केलेली मदत नाकारताना हे कारण स्पष्ट सांगावे, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही.

ट्यूनर ही वस्तू मात्र वाईट नाही. गोळी सुटताना नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते, आणि तोंडाशी लावलेले वजन थोडे मागेपुढे केले की गोळी बाहेर पडण्याचा क्षण त्या थरथरीच्या शांत टोकाशी जुळवता येतो. त्यासाठी आटे पाडण्याची गरज नसते; बाहेरून पकडीने आवळून बसणारे ट्यूनर मिळतात आणि नको वाटल्यास काढून ठेवता येतात. तोंडाजवळ झटका कमी करणारी भोके असलेले साधन मात्र चुकूनही घेऊ नये, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत रायफलीच्या नळीला किंवा पुढच्या जोडनळीला भोके चालत नाहीत आणि शस्त्रतपासणीतच रायफल बाद होईल.

मग आता काय करावे? मी आपल्या जागी असतो तर पहिल्यांदा काडतुसांचे लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेले साठे, तपासले असते. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसे असली तरी प्रत्येक लॉट प्रत्येक नळीत वेगळा चालतो. बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत शोनेबेक येथे लापुआ या काडतूस कंपन्यांनी नेमबाजांच्या रायफली आणून लॉट तपासण्यासाठी खास रेंज बांधल्या आहेत, त्या याच कारणासाठी. आपल्याला तिथवर जायला नको. क्लबातल्या सहकाऱ्यांकडून तीन-चार वेगवेगळ्या लॉटची एकेक पेटी घ्यावी, प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप पहाटेच्या निवांत हवेत काढावेत आणि सरासरी मांडावी. पाच गोळ्यांच्या एखाद्या सुंदर ग्रुपवर विश्वास ठेवू नये. त्याच रायफलीचे, त्याच लॉटचे पाच गोळ्यांचे दोन ग्रुप एकमेकांच्या दीडपट निघणे अगदी नेहमीचे आहे, आणि लेथवरून आलेल्या नळीचा पहिलाच लहान ग्रुप पाहून माणसे फसतात ती इथेच. ११ मिलिमीटर मिळायचे असतील तर ते बहुधा योग्य लॉटमध्येच मिळतील. त्यानंतर दस्त्याचे स्क्रू टॉर्क पान्याने उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या ताणावर आवळावेत. बाकी सारा वेळ चटईवर, स्लिंगमध्ये, ट्रिगरवर घालवावा.

प्रश्न : माझ्याकडे लाकडी दस्त्याची जुनी पॉइंट २२ रायफल आहे. उन्हाळ्यात झिरो केलेली (साइट फिरवून नेम बरोबर मध्यावर आणलेली) रायफल जानेवारीत खाली मारते आणि पावसाळ्यात उजवीकडे मारते; ग्रुप मात्र प्रत्येक ऋतूत लहानच असतो. नळी वाकली असावी अशी शंका आहे. ती सरळ करून घ्यावी की नवी बसवावी? — एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : ग्रुप लहान आहे, तेव्हा नळी निर्दोष आहे असेच समजावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीच्या पहाटे पाच-सहा अंशांवर येतो. थंडीत दारू मंद जळते आणि गोळीवरचे मेण घट्ट होते, त्यामुळे वेग घटतो. सेकंदाला ३३० मीटरऐवजी ३२० मीटर वेग मिळाला, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक वर्तुळ खाली पडते. ही वाकलेली नळी नव्हे, हा हवामानाचा हिशेब आहे; दर ऋतूत साइटचे किती क्लिक लागले ते वहीत लिहून ठेवावेत.

पावसाळ्यातला उजवीकडचा सरक वेगळा आहे. एक साधा कागद नळी आणि दस्ता यांच्यामध्ये टोकाकडून घालावा आणि मागे सरकवत न्यावा. माझा अंदाज आहे की कोरड्या दिवसांत तो सहज जाईल आणि श्रावणात डाव्या बाजूला कुठेतरी अडेल. लाकूड ओलावा पिऊन फुगते आणि नळीला बाजूने रेटते. कागद अडेल तिथे लाकडाला पेन्सिलीने खूण करावी, दस्ता उतरवून खाचेचा तेवढाच भाग सँडपेपरने हळूहळू घासावा, कागद मोकळा जाऊ लागला की थांबावे आणि उघड्या लाकडावर वॉर्निश किंवा जवसाचे तेल दोन-तीन हात द्यावे. काही जुन्या रायफलींत खाचेच्या पुढच्या टोकाला मुद्दाम दाबाचा एक उंचवटा ठेवलेला असतो, तो बरोबर खाली मध्यावर असतो. तो घासू नये. पोलादाला हात लावण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : आमच्या क्लबात शिकाऊ मुलांसाठी काही जुन्या पॉइंट २२ रायफली आहेत. नळीला हात लावू नये हे पटते. पण ती खरोखरच बिघडली आहे हे ओळखायचे कसे? — क्लबचे एक सदस्य, इंदूर

उत्तर : चाळीस-पन्नास गोळ्या झाल्यावर नळीचे तोंड समोरून पाहावे (बोल्ट काढून आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, रिकामे असल्याची खात्री करून). गोळीवरच्या मेणाचा आणि काजळीचा एक तारा तोंडाभोवती उमटलेला असतो; नळीत जितके आटे तितक्या त्याच्या पाकळ्या. साऱ्या पाकळ्या सारख्या असतील तर गॅस गोळीच्या बुडाभोवती सारखा सुटतो आहे. एखादी पाकळी लांबलेली किंवा फिसकटलेली असेल, तर त्या जागी तोंडाची कड दुखावलेली आहे. कानातला कापूस लावलेली काडी आतून बाहेर हळूच ओढून पाहावी. कापसाचा धागा अडकला तर शंका पक्की. ही इजा बहुतेक वेळा समोरून लोखंडी सळई घालून साफसफाई केल्याने होते, आणि क्लबातल्या रायफली अनेकांच्या हातून जात असल्याने ती तिथे फार आढळते. तोंड नव्याने कापण्याचे काम इथे योग्य आहे, परवानाधारक कारागिराकडून आणि अर्ध्या-एक मिलिमीटरपुरतेच. पुढे मात्र सळई मागून, बोल्टच्या जागी गाइड बसवूनच घालण्याची शिस्त मुलांना लावावी.

दुसरी तक्रार चेंबरची. रिकाम्या चेंबरवर वारंवार घोडा पाडल्यास जुन्या रायफलींत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे पोलादाचा उंचवटा येतो. मग काडतूस आत जाताना अडते आणि रिकामी पुंगळी ओढताना जोर लागतो. हे कारागिराकडून योग्य हत्याराने बसवून घेता येते, आणि त्यानंतर कोऱ्या सरावाला डमी काडतूस वापरावे.

शिशाच्या गोळ्यांनी आटे झिजतील ही भीती क्लबांत उगाच बाळगली जाते. साफ ठेवलेली पॉइंट २२ नळी कित्येक हजार गोळ्यांनंतरही उत्तम चालते. गंजाचे खड्डे ही त्याहून खरी अडचण आहे, कारण त्यांत शिसे साठत जाते आणि पॉलिश करून ते जात नाहीत. आणि नळीच्या मध्ये कुठेतरी सळईवरचे घट्ट कापड एकाएकी ढिले पडून पुन्हा घट्ट होत असेल, तर तिथे नळी फुगलेली आहे. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडली गेल्याची ती खूण असते. अशा नळीवर कोणताही इलाज करू नये. ती रायफल त्याच दिवशी मुलांच्या रॅकमधून काढून, चिठ्ठी लावून कुलपात ठेवावी आणि क्लबच्या नोंदवहीत तशी नोंद करावी.